शंभर तासांचं इन्स्पेक्शन झालं की इंजिन पुन्हा रफ: सेसना १५२/१७२ चा परत परत येणारा स्नॅग (बिघाड) कसा पकडायचा

विमान शंभर तासांच्या इन्स्पेक्शनला जातं, काही दिवसांनी हँगरमधून बाहेर येतं, ग्राउंड रन ओके, पहिल्या एक-दोन सॉर्टी व्यवस्थित, आणि मग टेक लॉगमध्ये ती ओळ येते: रन-अपला डाव्या मॅगवर इंजिन रफ. म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीत, प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी डाव्या एकट्यावर इंजिन थरथरतं. प्लग काढून साफ करतात, "ग्राउंड रन सॅटिस्फॅक्टरी" लिहून सही होते आणि विमान परत लाइनवर. आठवड्याभरात तीच ओळ पुन्हा. मग कुणी लीड (प्लगची वायर) बदलतं, कुणी मॅग्नेटो बदलतं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुन्हा तेच. मी एएमई, म्हणजे विमान देखभालीचा लायसन्सधारक इंजिनिअर आहे, लायकमिंग इंजिनांवरच जास्त काम केलंय, आणि बारामती-धुळ्याकडे शिकणारी मुलं असोत की नुकतं लायसन्स मिळालेले एएमई, सगळ्यांचा प्रश्न फिरून हाच असतो म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. तक्रार मेंटेनन्सनंतर लगेच सुरू झाली असेल तर शोध इंजिनाच्या म्हातारपणात घेऊ नका, मागच्या वेळी कुणाचा हात कुठे लागला तिथे घ्या. वर्क ऑर्डर आणि टास्क कार्ड काढून बसा, काय काय उघडलं, काय काढून परत बसवलं, कुठला पाइप बाजूला केला, कुठली केबल सोडली याची यादी करा. नीट चालणारं इंजिन हँगरमध्ये गेलं आणि रफ होऊन बाहेर आलं, तर मधल्या काळात जे झालं त्यातच उत्तर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तरी बहुतेक ठिकाणी उलटंच होतं, ज्या भागाला कुणी हात लावलेला नाही तो महागडा भाग आधी बदलतात, आणि बदलताना आणखी चार नट उघडतात, म्हणजे चुकीला आणखी चार जागा तयार होतात.

दुसरं म्हणजे पायलटकडून नीट माहिती घ्या. "रफ आहे" एवढ्यावर काहीच करता येत नाही. कुठल्या आरपीएमला, थंड इंजिन की गरम, एका मॅगवर की दोन्हीवर, आयडलला की फुल पॉवरला, मिक्श्चर लीन (इंधन कमी) केल्यावर बरं वाटलं की वाईट, कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा) लावल्यावर काय झालं. स्टुडंटला हे विचारताना दरडावून विचारू नका, तो घाबरला की "सर आता ठीक आहे" म्हणून मोकळा होतो आणि तुमच्या हातची सगळी माहिती जाते. पोरांनो, तुम्हीही आकडे लिहायची सवय लावा. १५२ ला १७०० आरपीएमवर मॅग चेक, एका मॅगवर १२५ पेक्षा जास्त ड्रॉप (आरपीएमची घट) नको आणि दोन्हींत ५० पेक्षा जास्त फरक नको. १७२ एस ला १८०० वर, १५० आणि ५०. हे तुम्हाला पाठच असतं, पण लॉगमध्ये कुणी लिहीत नाही, नुसतं "विदिन लिमिट". गेल्या आठवड्यात ७० होता आणि आज ११५ आहे हे कळलं असतं तर अर्धं काम तिथेच झालं असतं.

आता मॅग ड्रॉप वाचायचा कसा. एका मॅगवर इंजिन चालतं तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये एकच प्लग पेटतो, जळण थोडं सावकाश होतं, म्हणून आरपीएम थोडा पडायलाच पाहिजे. ड्रॉप जास्त आहे पण इंजिन एकदम स्मूथ चालतंय, मग प्लगच्या मागे लागू नका, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे सरकलं असण्याची शक्यता आहे. ड्रॉप जास्त आणि इंजिन थरथरतंय, तर एक सिलिंडर त्या मॅगवर पेटत नाहीये, म्हणजे प्लग किंवा लीड. आणि ड्रॉप जवळपास शून्य, तर खूश होऊ नका! बऱ्याच जणांना वाटतं की ड्रॉप कमी म्हणजे इंजिन मस्त, पण एकतर पी-लीड (मॅग्नेटो बंद करणारी वायर) तुटलीय म्हणजे तो मॅग्नेटो स्विचने बंदच होत नाही, किंवा टायमिंग पुढे गेलंय. पी-लीड तुटलेली असेल तर स्विच ऑफ असतानाही प्रोपेलर हाताने फिरवला की इंजिन पेटू शकतं, जीव जातो त्यात. टायमिंग पुढे असेल तर सिलिंडर हेड तापतात, डेटोनेशन (इंधनाचा स्फोटासारखा भडका) होतं, पिस्टन जळतो. मॅग्नेटो काढून बसवल्यावर "ड्रॉप फक्त ३०, छान" असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा बझ बॉक्स (टायमिंग तपासायचं यंत्र) मागवतो.

रफ असेल तर कुठलं सिलिंडर ते शोधा, आणि हे शोधायला काहीही उघडावं लागत नाही. ज्या मॅगवर रफ आहे त्याच मॅगवर इंजिन अर्धा-एक मिनिट चालवा, मग दोन्हींवर परत न येता त्याच मॅगवर मिक्श्चर ओढून बंद करा. लगेच काउल उघडून इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही एक्झॉस्ट पाइप, हेडपासून सारख्याच अंतरावर, मोजा. एक बाकीच्यांपेक्षा सरळ सरळ थंड दिसेल. लायकमिंगमध्ये उजवीकडचं पुढचं सिलिंडर १, डावीकडचं पुढचं २, उजवीकडचं मागचं ३, डावीकडचं मागचं ४. आणि या सेसनांवर उजवा मॅग्नेटो उजवीकडचे खालचे आणि डावीकडचे वरचे प्लग पेटवतो, डावा मॅग्नेटो डावीकडचे खालचे आणि उजवीकडचे वरचे. म्हणजे डाव्या मॅगवर ३ नंबर थंड निघाला तर ३ चा वरचा प्लग किंवा त्याची लीड, आठपैकी एका जागेवर तुम्ही पोचलात. तो प्लग दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगशी अदलाबदल करा, दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब, तिथेच राहिला तर लीड नाहीतर डिस्ट्रिब्यूटर. एवढं सोपं असूनही आठच्या आठ प्लग काढून साफ करण्याची पद्धत का पडलीय मला खरंच कळत नाही, कारण आठही काढले की नेमका कुठला खराब होता तो पुरावाच पुसला जातो.

प्लगवर जरा थांबतो कारण पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच असतं. शंभर एलएल (विमानाचं पेट्रोल) मध्ये शिसं असतं, लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत. २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याच्या रिफायनरीत हे इंधन बनवतं, पण शिसं त्यातही असतंच. शिसं बाहेर जायला इंधनात स्कॅव्हेंजर घातलेला असतो आणि तो काम करायला प्लगचं टोक चांगलं तापावं लागतं. आपल्याकडे ट्रेनिंगमध्ये विमान ८०० आरपीएमवर फुल रिच मिक्श्चरने रांगेत उभं असतं, पुढे तीन विमानं, सर्किट भरलेलं. प्लगचं टोक थंड राहतं आणि शिशाचे बारीक गोळे खालच्या प्लगमध्ये साठतात. याला मेंटेनन्सची चूक म्हणता येणार नाही. जमिनीवर १२०० च्या आसपास ठेवा, फ्लाइट मॅन्युअल आणि तुमच्या स्कूलची एसओपी परवानगी देत असेल तर टॅक्सीला लीन करा, बंद करण्याआधी थोडे सेकंद १८०० वर चालवून मग १२०० वर आणून मिक्श्चरने बंद करा, लायकमिंगनेच हे सांगितलंय. स्कूलभर एवढं पाळलं तरी फाउलिंगच्या निम्म्या तक्रारी येणारच नाहीत असं माझं मत आहे.

पण उरलेल्या तक्रारी आपल्या, मेंटेनन्सच्या. प्लग जास्त वेळ सँडब्लास्ट केला की इलेक्ट्रोड झिजतात आणि वाळूचा कण आत अडकला तर तो सिलिंडरमध्ये जातो. आधी व्हायब्रेटरने शिसं काढा, ब्लास्ट अगदी थोडा वेळ. मग मल्टीमीटरने रेझिस्टर मोजा, हे फारच कमी ठिकाणी होतं. ५००० ओहमच्या वर गेला की तो प्लग बाद, दिसायला कितीही नवा असू दे. टेस्टरवर ठिणगी दाखवणारा प्लग सिलिंडरच्या खऱ्या प्रेशरखाली, गरम झाल्यावर ठिणगी देईनासा होतो, आणि हाच तो "साफ केल्यावर दोन दिवस चालतो" वाला प्लग. गॅप मॅसिव्ह (जाड इलेक्ट्रोडच्या) प्लगला ०.०१६ ते ०.०२१ इंच. हातातून खाली पडलेला प्लग कचऱ्यात, आतला सिरॅमिक तडकलेला बाहेरून दिसत नाही. गॅस्केट प्रत्येक वेळी नवं. थ्रेडला अँटी-सीझ लावताना पहिला आटा सोडून, अगदी थोडं, इलेक्ट्रोडवर ओघळलं तर प्लग शॉर्ट. टॉर्क ३५ फूट-पौंड, म्हणजे ४२० इंच-पौंड, आणि तो टॉर्क रेंचने, हाताच्या अंदाजाने नाही. लीडची स्प्रिंग घामट बोटांनी पकडू नका, आणि नट आवळताना लीड दुसऱ्या हाताने धरून ठेवा, नाहीतर ती पिळली जाते आणि आतली वायर तुटते. कोकणातल्या नाहीतर गोव्यातल्या दमट हवेत हा घाम आणि ओलावा फार त्रास देतो.

मॅग्नेटो. स्लिक असो की बेंडिक्स, ५०० तासांचं इन्स्पेक्शन म्हणजे उघडून पॉइंट, कॅम फॉलोअर, कार्बन ब्रश, डिस्ट्रिब्यूटर गिअर, इम्पल्स कपलिंग सगळं बघणं. कॅम फॉलोअर झिजला की टायमिंग मागे जातं, पॉइंट झिजले की पुढे जातं, आणि कधी कधी दोन्ही एकमेकांना झाकतात, बाहेरून टायमिंग बरोबर दिसतं आणि आतलं ई-गॅप (चुंबकाच्या कुठल्या कोनाला पॉइंट उघडतात ते) बिघडलेलं असतं, मग ठिणगी कमजोर. बसवल्यावर क्लॅम्पचे नट नीट आवळले नाहीत तर मॅग्नेटो स्वतःच थोडा फिरतो आणि टायमिंग सरकतं, तुम्ही दर वेळी टायमिंग करून देता आणि दर वेळी ते पुन्हा सरकतं, कारण क्लॅम्पकडे कुणी बघितलेलंच नसतं. टायमिंग किती डिग्री ते इंजिनच्या डेटा प्लेटवर बघा, पाठ असलेल्या आकड्यावर जाऊ नका, १५२ च्या ओ-२३५ चं आणि १७२ च्या ओ-३२० चं वेगळं असतं.

आणि दोन्ही मॅग्नेटो एकाच दिवशी एकाच माणसाने उघडू नयेत. एक आज, दुसरा दोन-अडीचशे तासांनी. दोन मॅग्नेटो दिलेत ते एक गेला तर दुसरा असावा म्हणून, दोन्हीत एकच चूक गेली तर दोन असून उपयोग काय. याचं मोठं उदाहरण म्हणजे ५ मे १९८३ ची ईस्टर्न एअरलाइन्सची ८५५ फ्लाइट, मायामीहून नासाऊला जाणारं लॉकहीड एल-१०११, तीन इंजिनांचं. तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर (तेलातले धातूचे कण पकडणारे) ओ-रिंगशिवाय (रबरी सीलशिवाय) बसवले गेले होते, तिन्हीतून तेल गेलं. आधी बंद केलेलं एक इंजिन परत चालू झालं आणि त्या एकावर ते मायामीला उतरले, विमानातले सगळे १७२ वाचले. विमान मोठं होतं पण चूक तीच, आपल्या छोट्या हँगरमध्ये होते ती.

प्लग आणि मॅग्नेटो ठीक असतील आणि रफनेस दोन्ही मॅगवर सारखाच असेल तर इग्निशन सोडून द्या, तिथे वेळ घालवू नका. आयडलला रफ आणि थ्रॉटल पूर्ण दिल्यावर स्मूथ, म्हणजे इनटेककडे हवा गळतेय. सिलिंडर काढून बसवलं असेल, एक्झॉस्ट काढला असेल, किंवा नुसता इनटेक पाइप बाजूला केला असेल तरी त्याचं गॅस्केट किंवा ऑइल संपजवळचं (तेलाच्या टाकीजवळचं) रबर कपलिंग नीट बसलेलं नसतं. जोडावर निळसर डाग बघा, शंभर एलएल निळं असतं, डाग सांगून जातो. दिसलं नाही तर व्हॅक्युम क्लीनरच्या फुंकणाऱ्या बाजूने इनटेकमध्ये हलकं प्रेशर द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील. आयडल मिक्श्चरही बघा, मिक्श्चर ओढताना बंद पडायच्या आधी आरपीएम २५ ते ५० ने वर जावा, अजिबात वर गेला नाही तर लीन आहे. याउलट जास्त पॉवरला रफ आणि इंजिन फ्युएल इंजेक्शनचं, म्हणजे १७२ एस सारखं, तर नोझल (इंधन फवारणारी तोटी). फ्युएल लाइनच्या थ्रेडला कुणी टेफ्लॉन टेप लावली असेल तर तिचा तुकडा नोझलमध्ये जाऊन बसतो, म्हणून फ्युएल फिटिंगवर टेप लावायचीच नाही. चारही नोझल काढून चार सारख्या बाटल्यांत सोडा, बूस्ट पंप चालू करा, पातळी सारखी आली पाहिजे.

पावसाळ्यात १५२ वाल्यांनी एक बघा. हवेत दमटपणा, बाहेर बावीस-चोवीस डिग्री, पॉवर कमी करून डिसेंट, आणि आरपीएम हळूहळू पडतोय, तर तो कार्ब आइस असू शकतो. कार्ब हीट पूर्ण लावली की आधी आणखी रफ होतं, मग सुधारतं. पण रन-अपला कार्ब हीट ओढल्यावर आरपीएम पडतच नसेल तर ते मेंटेनन्सचं आहे, केबलचं रिगिंग चुकलंय आणि गरम हवेचा फ्लॅप पूर्ण फिरत नाही. अशा विमानाला खरा बर्फ धरला तर तुमच्याकडे उपायच नाही. ते उडवू नका.

सकाळी पहिल्या स्टार्टला मिनिटभर खडखड आणि गरम झाल्यावर एकदम छान, ही तक्रार तर सर्रास दुर्लक्षित होते, "थंडीमुळे" म्हणून. थंडीमुळे नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये (नळीत) अडकतोय. गाइडमध्ये कार्बन साठतो, गार असताना व्हॉल्व्ह उघडाच राहतो, नंतर सुटतो. एक दिवस तो सुटत नाही, पुशरॉड वाकतो, सिलिंडर गेलं, चारपैकी एक गेलं की १५२ ला उंची धरणं अवघड. लायकमिंगचं सर्व्हिस बुलेटिन ३८८ यासाठीच आहे, विमानाच्या इंजिनाला ४०० तासांनी किंवा शंका आली की लगेच व्हॉल्व्ह-गाइडचा क्लिअरन्स मोजायचा. सिलिंडर काढावं लागतंच असं नाही, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत भरून पिस्टन वर आणायचा म्हणजे व्हॉल्व्ह आत पडत नाही, आणि गाइड जागेवरच रीम करता (आतून खरवडून साफ करता) येतो, सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १४२५ मध्ये दिलंय. पण मुळात तो कशामुळे अडकला ते बघा! मी बऱ्याचदा पाहिलंय की काउलिंग घालताना बॅफलची (हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्याची) रबर सील उलटी दुमडली गेलेली असते, हवा सिलिंडरवरून न जाता वरून निसटते, ते एक सिलिंडर तापतं, तेल जळतं, गाइडमध्ये कार्बन. म्हणजे व्हॉल्व्ह रीम करून दिला आणि सील तशीच ठेवली तर तीच तक्रार परत येणार आहे. काउल घातल्यावर टॉर्च घेऊन पुढच्या तोंडातून आत बघा, सील वरच्या बाजूला आणि पुढे वळलेली दिसली पाहिजे.

आता जी गोष्ट रफनेसवर न थांबता इंजिनच बंद पाडते तिच्याकडे येतो. सिलिंडर बदललं, म्हणजे "टॉप" केलं, आणि होल्ड-डाउन नटांचा टॉर्क चुकला. लायकमिंगमध्ये त्यातले काही स्टड क्रँककेसच्या आरपार जातात, तेच सिलिंडरही धरतात आणि केसचे दोन अर्धेही दाबून धरतात, आणि त्या दाबावरच मेन बेअरिंगच्या वाट्या जागेवर राहतात. नटाखाली रंग राहिला, फ्लँजला कुणी सिलिकॉन फासलं, तर टॉर्क रेंचने बरोबर आकडा दाखवला तरी इंजिन चालल्यावर तो रंग चेपतो आणि ताण निघून जातो. मग स्टड थकून तुटतो, शेजारचा तुटतो, आणि सिलिंडर उखडतं, नाहीतर बेअरिंग सरकून तेलाचं भोक बंद होतं. सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १०२९ डी वाचा, नुसतं "वाचलंय" म्हणू नका, समोर ठेवून काम करा. अर्ध्या इंचाचे नट आधी ३०० इंच-पौंड, मग क्रमाने ६००, थ्री-एट्थचे ३००, आणि थ्रेडला त्यात सांगितलेलंच वंगण, कारण कोरड्या थ्रेडवरचे ६०० आणि वंगण लावलेल्या थ्रेडवरचे ६०० यात स्टडला बसणारा ताण खूप वेगळा असतो.

आणि सिलिंडरच्या बुडाशी साधा सॉकेट जात नाही, क्रोफूटसारखा अडॅप्टर लावावा लागतो, तिथे गणित चुकतं. अडॅप्टर रेंचच्या सरळ रेषेत लावला की लांबी वाढते आणि रेंचवर लावायचा आकडा कमी करावा लागतो. पाहिजे तो टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच अधिक अडॅप्टरची लांबी. रेंच १५ इंच, अडॅप्टर ३ इंच, पाहिजेत ६००, तर रेंचवर ५०० लावायचे. आकडा न बदलता ६०० लावलेत तर नटाला प्रत्यक्षात ७२० बसले. अडॅप्टर काटकोनात लावला तर हा फरक पडत नाही. हे हँगरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखं आहे. सिलिंडर बदललेल्या इंजिनावर सिलिंडरच्या बुडाशी ताजं तेल पाझरताना दिसलं तर पुसून सोडून देऊ नका, तिथेच विमान थांबवा.

फ्युएल लाइनचा बी-नट बोटाने फिरवून ठेवला आणि पान्याने आवळायचं राहिलं, ही दुसरी चूक. असा नट ग्राउंड रनला गळतही नाही, व्हायब्रेशनने काही तासांनी सुटतो. म्हणून आवळला की तिथेच टॉर्क सीलची (नट हलला तर कळणाऱ्या रंगाची) रेघ मारायची, नंतर मारू म्हणायचं नाही. थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या रॉड-एंडला कॅसल नट, कॉटर पिन आणि मोठा वॉशर आहे ना बघा, रॉड-एंडचा बॉल झिजून निघाला तरी मोठा वॉशर त्याला सुटू देत नाही. ऑइल फिल्टर बदलताना जुनं गॅस्केट अडॅप्टरला चिकटून राहतं आणि नवं त्यावर बसतं, दोन गॅस्केट झाले की प्रेशर आल्यावर तेल बाहेर, आणि तेल गेल्यावर इंजिनाकडे फार मिनिटं नसतात. फिल्टर १६ ते १८ फूट-पौंड, लॉकवायर घट्ट व्हायच्या दिशेने, मग काउल उघडी ठेवून रन घ्या आणि हाताने चाचपून बघा. काढलेला फिल्टर कापून बघायचा, धातूचे कण आहेत का. इनटेकच्या तोंडात कापडाचा बोळा घातला असेल तर त्याला लाल फीत बांधा आणि मोजून काढा.

प्रोपेलर जमिनीला घासला असेल, स्टुडंटच्या हार्ड लँडिंगमध्ये नोज व्हील दबून, तर ब्लेड घासून सरळ केलं आणि चाललं असं चालत नाही. एफएएचं (अमेरिकी विमान नियामकाचं) एडी, म्हणजे सक्तीचा आदेश, २००४-१०-१४ आहे, क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरचा बोल्ट, डॉवेल, त्याची बैठक सगळं उघडून तपासावं लागतं. तो गिअर सुटला की दोन्ही मॅग्नेटो आणि ऑइल पंप एकाच क्षणी थांबतात. हे लपवणारे लोक आहेत, मला माहितीय. लॉगबुकमध्ये प्रोपेलर बदललाय आणि कारण लिहिलेलं नाही असं दिसलं तर विचारा, नुसतं गृहीत धरू नका.

या चुका बहुतेक वेळा अडाणीपणातून होत नाहीत. सीपीएलला (व्यावसायिक पायलट लायसन्सला) २०० तास लागतात, पन्नास मुलं वाट बघतायत, सकाळी सहाला विमान लाइनवर पाहिजे, मग रात्री काम चालतं, मध्येच फोन येतो, टेक्निशियन उठून जातो, दुसरा येऊन पुढून सुरू करतो. काम अर्धवट सोडायचं असेल तर त्या जागी टॅग लावा आणि कार्डवर कुठपर्यंत आलात ते लिहा, परत आल्यावर दोन-तीन पायऱ्या मागे जाऊन सुरू करा. इंजिन कंट्रोल उघडले असतील तर दुसऱ्या माणसाने स्वतंत्र बघायचं, पहिल्याच्या खांद्यावरून नाही. आणि मेंटेनन्सनंतरची पहिली फ्लाइट स्टुडंट सोलो कधीही देऊ नका. इन्स्ट्रक्टरने दिवसा, फील्डच्या वरच उंचीला फिरून यावं, उतरल्यावर काउल उघडून गळती बघावी.

उडतानाच रफ झालं तर, स्टुडंटसाठी: आधी नोज आणि स्पीड, १५२ ला ६०, १७२ एस ला ६८ नॉट. मग कार्ब हीट, मिक्श्चर, फ्युएल सिलेक्टर, आणि मॅग डावा-उजवा करून बघा. एखाद्या मॅग्नेटोचा आतला गिअर गेला असेल तर तो चुकीच्या वेळी ठिणगी देतो आणि दुसऱ्या एकट्यावर इंजिन छान चालतं, तसं झालं तर स्विच तिथेच राहू द्या. थोडी पॉवर शिल्लक आहे म्हणून चांगलं शेत, जवळची धावपट्टी ओलांडून बेसकडे ओढत नेऊ नका.

शेवटी लॉगमध्ये काय लिहायचं. डीजीसीएच्या (विमान वाहतूक नियामकाच्या) भाषेत हा रिपीटेटिव्ह डिफेक्ट आहे, त्याला "प्लग क्लीन्ड, ग्राउंड चेक्ड ओके" हे उत्तर नाही, कारण त्यात कारणच नाही. असं लिहा: "डाव्या मॅगवर १७०० ला ३०० ड्रॉप, रफ. ३ नंबरचा एक्झॉस्ट थंड. ३ चा वरचा प्लग, रेझिस्टर ५००० ओहमच्या वर, बदलला. लीड तपासली, ठीक. मागच्या इन्स्पेक्शनमध्ये उघडलेले बाकी जोड तपासले. रन-अप ड्रॉप डावा ७५, उजवा ८०." आणि खाली पायलटसाठी एक ओळ, पुढच्या दहा तासांत प्रत्येक रन-अपचे दोन्ही आकडे लिहावेत. ते आकडे ७५-८० वरच राहिले तरच स्नॅग बंद करा, चढायला लागले तर विमान लाइनवरून काढा आणि पुन्हा त्याच टास्क कार्डपासून सुरू करा.